बोट कुणाची, खर्च कुणाचा, पगार कुणाचा? जहाजमालकाचा हिशोब समजून घेऊ या

रत्नागिरी, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा. आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांत "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "बोटीवर आहे" हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पगार किती, साइन ऑन कधी, साइन ऑफ कधी, हे घरातल्या लहान मुलालासुद्धा पाठ असतं. पण ती बोट चालवायला मालकाला खर्च किती येतो, तो पैसा कुठून येतो आणि कुठे अडकतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आम्ही शिक्षक. दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक आमच्याकडे येतात ते कोर्सची फी आणि कॉलेजचं नाव विचारायला. आमचं त्यांना सांगणं असतं की फीच्या आकड्याबरोबर मालकाचंही गणित समजून घ्या. कारण मालकाचा हिशोब बिघडला की फटका थेट आपल्या घरच्या पगाराला बसतो. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या नोंदीनुसार २०२४ या एका वर्षात ३१२ जहाजांवरचे ३,१३३ खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले. देशवार बघितलं तर त्यात सर्वांत जास्त भारतीय होते, ८९९. म्हणून आज हा हिशोब जरा सविस्तर मांडतो.

नाखुदा होता, आता कंपनी आहे

नाखुदा हा शब्द फारसी. नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे धनी. आपल्याकडे नाखुदा, नाखवा ही आडनावंही आहेत. जुन्या काळात नाखुदा जहाजावरच असायचा. बऱ्याचदा तो स्वतः मालक, नाहीतर मालकाचा खास माणूस. वादळ आलं तर त्याच्याही जिवावर यायचं, माल बुडाला तर त्याचंही घर बुडायचं. पगार थकला तर खलाशी समोरच जाऊन विचारायचा.

आज मालक जहाजावर नसतोच. जहाज एका देशात बांधलेलं, मालक दुसऱ्या देशातला, झेंडा तिसऱ्या देशाचा, कामकाज बघणारी मॅनेजमेंट कंपनी चौथ्या देशात आणि खलाशी भारत, फिलिपिन्स, म्यानमारचे. पनामा, लायबेरिया आणि मार्शल आयलंड्स या तीनच झेंड्यांखाली जगातल्या जहाजांच्या एकूण वहनक्षमतेपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त क्षमता नोंदलेली आहे. तिथे कर कमी, नोंदणी सोपी.

शिवाय अनेक मालक प्रत्येक जहाजासाठी वेगळी कंपनी काढतात. दहा जहाजं असतील तर दहा कंपन्या. हे बेकायदा नाही. एका जहाजावर कर्ज थकलं किंवा अपघात झाला, तर बाकीची नऊ सुरक्षित राहावीत असा त्यामागे विचार असतो. पण खलाशाच्या बाजूने बघा. त्याच्या करारावर ज्या कंपनीचं नाव आहे, तिची एकमेव मालमत्ता म्हणजे ते एकच जहाज. ते जहाज गेलं की वसूल कुणाकडून करायचं?

खर्चाचे तीन खिसे

मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरच्या ट्रॉलरमालकाला आधी डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट किनाऱ्याला, कमाई शून्य. बँकेचा हप्ता मात्र चालूच. लाकूडकाम, रंगकाम, इंजिनाची डागडुजी हा खर्चही याच दिवसांत निघतो. मोठ्या जहाजाच्या मालकाची अडचण हीच, फक्त आकडे डॉलरमध्ये.

पहिला खिसा भांडवलाचा. मोठं नवं मालवाहू जहाज कोट्यवधी डॉलरचं असतं आणि बहुतेक मालक ते कर्जावर घेतात. जहाज माल वाहो किंवा नांगर टाकून उभं राहो, हप्ता आणि व्याज थांबत नाही. जहाजाचं आयुष्य साधारण २५ वर्षांचं. त्या काळात कर्ज फेडून वर कमवायचं असतं. शेवटी अलंगसारख्या ठिकाणी भंगारात विकून जे मिळेल ते. त्या तोडणीसाठीसुद्धा आता हाँगकाँग कराराचे नियम आहेत. ते २६ जून २०२५ पासून लागू झाले.

दुसरा खिसा रोज जहाज चालतं ठेवण्याचा. यात खलाशांचा पगार, जेवण, विमानाची तिकिटं, सुटे भाग, वंगण, विमा, दुरुस्ती हे सगळं येतं. बहुतेक जहाजांवर यातला सर्वांत मोठा भाग खलाशांवरचा खर्च असतो, हे लक्षात ठेवा. पुढे याची गरज लागेल. याच खिशातून ड्राय डॉकचा खर्चही निघतो. पाच वर्षांत दोनदा जहाजाचा तळ तपासावा लागतो आणि दर पाच वर्षांनी मोठी तपासणी असते. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग किंवा लॉइड्ससारखी संस्था जहाज लायक असल्याचं प्रमाणपत्र देते. ते नसेल तर विमा नाही, आणि विमा नसेल तर बंदरं जहाज घ्यायलाच तयार नसतात.

तिसरा खिसा प्रवासाचा. इंधन, बंदराचे शुल्क, कालव्याचा टोल, पायलट, टग. यात इंधन सर्वांत भारी. समजा एखादं जहाज दिवसाला ४० टन इंधन जाळतं आणि भाव टनाला ६०० डॉलर आहे. म्हणजे दिवसाला २४,००० डॉलर नुसते धुरात. २०२२ च्या उन्हाळ्यात सिंगापूरला कमी गंधकाचं इंधन टनाला हजार डॉलरच्याही वर गेलं होतं. त्या भावाने तेच जहाज दिवसाला ४०,००० डॉलर खातं.

म्हणून महाग इंधनाच्या काळात मालक जहाज हळू चालवायला सांगतात. वेग १० टक्के कमी केला तर दिवसाचं इंधन ढोबळमानाने पाव हिश्शाने वाचतं. पण प्रवास लांबतो आणि पहिल्या दोन खिशांचे दिवस वाढतात.

हे इंधन कोण भरतं हे करारावर ठरतं. जहाज ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिलं असेल तर इंधन भाडेकरू भरतो. एकाच फेरीचा करार असेल तर सहसा मालकच भरतो. दुसऱ्या प्रकारात भाव वर गेला की मालकाचा नफा वाटेतच विरून जातो.

भाड्याची भरती-ओहोटी

खर्च असा बांधलेला, पण कमाई बांधलेली नाही. कोळसा, लोहखनिज, धान्य वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा एक निर्देशांक आहे, बाल्टिक ड्राय इंडेक्स. मे २००८ मध्ये तो ११,७९३ वर होता. त्याच वर्षी डिसेंबरात ६६३ वर आला. सात महिन्यांत कमाई नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली. तुमचं दुकान जानेवारीत लाखाचा धंदा करत होतं आणि ऑगस्टात सहा हजारांवर आलं, असं समजा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर हा निर्देशांक २९० पर्यंत खाली गेला होता.

असं का होतं? भाडं चढलं की सगळे मालक एकदम नवी जहाजं बांधायला देतात. ती तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर मंदी आलेली असते आणि त्याच वेळी नवी जहाजं पाण्यात उतरतात. माल तेवढाच, जहाजं जास्त. आंब्याला एका वर्षी भाव मिळाला म्हणून सगळ्या गावाने कलमं लावावीत आणि ती फळाला येईपर्यंत भाव पडावा, तसलाच प्रकार.

याचा मोठा दाखला म्हणजे दक्षिण कोरियाची हानजिन शिपिंग. जगातली सातव्या क्रमांकाची कंटेनर कंपनी. ऑगस्ट २०१६ च्या शेवटी तिने कोर्टाकडे संरक्षण मागितलं आणि तिची जहाजं जगभर समुद्रात अडकली. आपले पैसे मिळणार नाहीत या भीतीने बंदरं त्यांना आत घेईनात. सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल वाटेतच राहिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोर जाहीर झाली. म्हणजे मोठं नाव आहे म्हणून निश्चिंत राहावं, असंही नाही.

नियम बदलतात, बिल वाढतं

समुद्र आणि हवा स्वच्छ राहावी म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, म्हणजे आयएमओ, नियम कडक करत आली आहे. ते गरजेचेच आहेत. बंदराजवळ राहणाऱ्या कुणालाही विचारा, जहाजाचा धूर काय असतो ते. पण मालकाच्या वहीत प्रत्येक नियमाची एक ओळ वाढते.

१ जानेवारी २०२० पासून इंधनातलं गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणावं लागलं. म्हणजे एकतर महाग इंधन घ्या, नाहीतर धूर धुणारं यंत्र बसवा. जहाजाचा तोल सांभाळायला जे पाणी टाक्यांत भरतात, त्याच्याबरोबर एका समुद्रातले जीव दुसऱ्या समुद्रात जाऊ नयेत म्हणून ते शुद्ध करणारी यंत्रणा बसवण्याची शेवटची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. २०२३ पासून मोठ्या जहाजांना कार्बनच्या हिशोबाने ए ते ई अशी श्रेणी मिळते. आमच्या प्रगतिपुस्तकासारखीच. आणि १ जानेवारी २०२४ पासून युरोपच्या बंदरांत जाणाऱ्या मोठ्या जहाजांना सोडलेल्या कार्बनचे पैसेही मोजावे लागतात. २०२४ च्या कार्बनपैकी ४० टक्क्यांचे, २०२५ च्या ७० टक्क्यांचे आणि २०२६ पासून पूर्ण.

वीस वर्षांच्या जहाजात एवढे पैसे घालणं परवडत नाही. मग काही मालक ते जहाज स्वस्तात दुसऱ्याला विकतात. नवा मालक त्याचं नाव बदलतो, झेंडा बदलतो आणि जिथे तपासणी ढिली आहे अशा बंदरांमध्ये ते फिरवतो. खलाशी वाऱ्यावर सोडल्याच्या बातम्यांमध्ये अशी जुनी, लहान, अनेकदा हात बदललेली जहाजं वारंवार दिसतात.

युद्ध, कालवा आणि एक पूल

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी मेले. उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने बाहेर काढलं. या वाटेने जायचं तर युद्धाचा वेगळा विमा लागतो. त्या काळात त्याचा दर एका फेरीला जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला. जहाज पाच कोटी डॉलरचं असेल तर ०.७ टक्के म्हणजे साडेतीन लाख डॉलर. हे टाळून आफ्रिकेला वळसा घालायचा तर सुमारे ३,५०० सागरी मैल आणि दहा-बारा दिवस जास्त. तेवढ्या दिवसांचं इंधन, पगार, हप्ता सगळं वाढलं.

पण इथे एक गंमत आहे. वाट लांबली की तोच माल न्यायला जास्त जहाजं लागतात, जहाजांचा तुटवडा होतो आणि भाडं चढतं. २०२४ मध्ये कंटेनर कंपन्यांनी चांगली कमाई केली. म्हणजे एकाच संकटात एक मालक तरतो आणि दुसरा बुडतो. कुणाचा करार कोणत्या भावाने झालाय, त्यावर सगळं अवलंबून.

पनामा कालव्याची गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, कालव्याला पाणी पुरवणारा तलाव आटला आणि रोजच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली. रांगेत पुढे जाण्यासाठी लिलाव व्हायचा. त्या नोव्हेंबरात एका जहाजासाठी सुमारे ४० लाख डॉलरची बोली लागली. नेहमीचा टोल वेगळाच.

आणि अपघात. २६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोरमध्ये डाली या जहाजाची वीज गेली, ते पुलावर आदळलं आणि पूल कोसळला. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावरच्या २१ जणांपैकी २० भारतीय होते. मलबा हटवण्याच्या आणि मदतकार्याच्या खर्चापोटी जहाजाच्या मालक आणि व्यवस्थापक कंपन्यांनी अमेरिकन सरकारला १० कोटी डॉलरहून जास्त देण्याचं कबूल केलं. अशा वेळेसाठी मालक पी अँड आय क्लबमध्ये विमा काढतात. अनेक मालकांनी मिळून उभारलेला हा विमा असतो. अपघात, प्रदूषण, खलाशाचा मृत्यू किंवा दुखापत या सगळ्याची भरपाई त्यातून होते. तुमच्या मुलाचं जहाज कोणत्या क्लबमध्ये आहे, ही चौकशी म्हणूनच महत्त्वाची.

मग पगारच का थांबतो?

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, बिचारा मालक! खरंच, धंदा सोपा नाही. वेळेवर पगार देणारे मालकच जास्त आहेत, नाहीतर आपल्या इतक्या घरांच्या चुली पेटल्याच नसत्या. पण पैसा कमी पडला की मालक कोणतं बिल आधी थांबवतो, ते बघा.

इंधनवाल्याचं थांबवलं तर तो पुढचं इंधन देत नाही. विम्याचा हप्ता थांबवला तर विमा रद्द, जहाज बंदरात शिरत नाही. बंदराचं शुल्क नाही भरलं तर जहाज सुटत नाही. बँकेचं थकवलं तर जहाज जप्त. आणि पगार थांबवला तर? जहाज चालूच राहतं. खलाशी भर समुद्रात असतो, काम टाकून घरी जाऊ शकत नाही. "पुढच्या बंदरात देतो" हे ऐकून तो आणखी एक महिना ड्युटी करतो. चालवण्याच्या खर्चात हाच आकडा सर्वांत मोठा, आणि सर्वांत सहज थांबवता येण्यासारखाही हाच. सगळं दुखणं इथे आहे.

कायदा मात्र उलट सांगतो. आपल्या २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यात जहाजावरच्या सागरी हक्कांमध्ये खलाशाच्या पगाराला पहिला क्रमांक आहे. जहाज जप्त होऊन विकलं गेलं तर तो हक्क बँकेच्याही आधी येतो. पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं, जहाज कोर्टाच्या हद्दीत असावं लागतं आणि वेळ जातो. कायद्यात पहिला असलेला खलाशी प्रत्यक्षात शेवटी उभा राहतो.

संयुक्त अरब अमिरातीत उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२१ मध्ये एमटी इबा नावाचा टँकर लाटांनी वाळूत आणून टाकला. मालक आर्थिक अडचणीत होता. जहाजावर भारतीयांसह थोडेच खलाशी उरले होते आणि त्यांचा अडीच वर्षांहून जास्त पगार थकला होता. किनाऱ्यावरची माणसं डोळ्यांना दिसत होती, पण जहाज सोडलं तर हक्क जाईल ही धास्ती. अशा धास्तीपायी अनेकजण महिनोन्‌महिने बसून राहतात.

सही करण्याआधी काय बघावं

जहाजाचा आयएमओ नंबर मागून घ्या. सात आकडी असतो. नाव बदलो, झेंडा बदलो, मालक बदलो, हा नंबर मरेपर्यंत तोच राहतो. इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर नोंदणी करून तो टाकला की जहाजाचं वय, मालक, आधीची नावं, तपासणी संस्था, विमा आणि कोणत्या बंदरात ते रोखलं होतं का, हे बरंचसं दिसतं. दहावीचा मुलगासुद्धा हे मोबाईलवर करू शकतो.

एजंटकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना आहे का, ते डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तपासा. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला परवानगी नाही. पैसे मागणारा आणि "आधी दुबईला जा, तिथे जहाज मिळेल" म्हणणारा एजंट दिसला की तिथूनच परत फिरा. परवान्याबाहेरून गेलेल्या मुलाला अडचणीत सोडवणं फार कठीण जातं.

सागरी कामगार करारात, म्हणजे एमएलसीमध्ये, १८ जानेवारी २०१७ पासून एक मोठी सोय झाली आहे. मालकाने खलाशाला सोडून दिलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवण-पाणी आणि घरी परतण्याचा खर्च विमा देतो. त्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. मुलाने चढताच त्याचा फोटो काढून घरी पाठवावा. त्यावर विमा कंपनीचं नाव आणि मुदत असते.

दोन महिन्यांचा पगार थकला की हे खलाशाला सोडून देणंच आहे, असं हाच करार मानतो. विमा चारच महिने भरतो, म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत "मालक देईल" म्हणत थांबण्यात नुकसान आपलंच. तिसरा महिना लागताच डीजी शिपिंग, युनियन आणि आयटीएफकडे लेखी तक्रार करावी. कराराची प्रत, पगाराच्या स्लिपा, सीडीसीची झेरॉक्स घरी असू द्या. पगार हातात न पडता "मिळाला" अशा कागदावर सही करू नये.

घरच्यांनीही एक सवय लावून घ्यावी. मुलगा फोनवर "जेवण कमी झालंय", "पाणी मोजून देतात", "सुटे भाग येत नाहीत", "जहाज बरेच दिवस नांगरावर आहे" असं बोलला, तर ती नुसती तक्रार समजू नका. मालकाचा खिसा रिकामा होत चालल्याची ही खूण असू शकते. पगार थांबण्याच्या आधी ती दिसते. अशा वेळी "सब्र कर बेटा" म्हणण्याआधी, गेल्या महिन्याचा पगार खात्यात जमा झाला का, एवढं बँकेत जाऊन बघून या.